शब्द एक, प्रणाली अनेक : ग्रामनिधीच्या संगणकीय परिभाषेची ओळख

कीर्द, खतावणी, जमा, खर्च आणि शिल्लक हे शब्द ग्रामपंचायतीच्या दप्तरात इतकी वर्षे रुळलेले आहेत की, त्यांचा अर्थ कोणी कोणास विचारीत नाही. गावात लिहिलेली 'शिल्लक' पंचायत समितीच्या लेखा शाखेतही शिल्लकच असते आणि लेखापरीक्षकाच्या टिपणीतही तिचा अर्थ बदलत नाही. कागदाच्या वहीतील व्यवहाराचे हे मोठेच सामर्थ्य होते. लिहिणारा, तपासणारा आणि पैसे देणारा हे तिघेही एकच भाषा बोलत असत.

आता गावाचा पैसा एका वहीत राहत नाही. विकास आराखडा आणि हिशेब 'ई-ग्रामस्वराज'वर, वस्तूंची खरेदी 'जेम' या शासकीय बाजारपेठेवर, मोठ्या कामांची निविदा 'महाटेंडर्स'वर आणि केंद्राकडून आलेल्या पैशाचे प्रदान 'पीएफएमएस'मधून, असा हा प्रवास आहे. या प्रणाली परस्परांशी जोडलेल्या आहेत; त्यामुळे त्यांची भाषाही एकच असणार, असा समज साहजिकच होतो. वस्तुस्थिती तशी नाही. एकच शब्द एका प्रणालीत एका अर्थाने, तर दुसऱ्या प्रणालीत अगदी निराळ्या अर्थाने येतो. आणि एकाच गोष्टीला तीन ठिकाणी तीन नावे असतात. या गोंधळाची किंमत एखाद्या पुरवठादाराला, मजुराला किंवा शाळेला मोजावी लागते. देयक अडकते, निधी मार्चअखेर तसाच राहतो आणि दोष नेमका कोठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

भेद का निर्माण झाले

या प्रणालींचे जन्म वेगवेगळ्या गरजांतून झाले आहेत. पीएफएमएसचा आरंभ २००८-०९ मध्ये तत्कालीन नियोजन आयोगाच्या योजनेतून झाला. दिल्लीहून निघालेला योजनेचा रुपया कोणकोणत्या संस्थांच्या हातून गेला, हे पाहणे हा तिचा मूळ हेतू. त्यामुळे पैसा धरून ठेवणारी 'संस्था' हा तिच्या परिभाषेचा केंद्रबिंदू आहे. पंचायतराज मंत्रालयाच्या निरनिराळ्या प्रणाली एकत्र करून २४ एप्रिल २०२० रोजी ई-ग्रामस्वराज सुरू करण्यात आले. ग्रामसभेने आराखड्यात घेतलेले काम, म्हणजे 'उपक्रम', हा तिचा केंद्रबिंदू होय. ९ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झालेली जेम ही तर बाजारपेठच. तिच्यात सर्व काही खरेदीदार आणि विक्रेता यांच्याभोवती फिरते. २४ एप्रिल २०२३ रोजी जेम आणि ई-ग्रामस्वराज यांची जोडणी झाली आणि ग्रामपंचायतींना तेथून खरेदी करण्याची सोय झाली. तारा जुळल्या, परंतु प्रत्येकीने आपले शब्द आपल्याबरोबरच आणले.

शासनव्यवहारात भाषेची अशी अडचण महाराष्ट्राला नवीन नाही. शिवछत्रपतींच्या काळी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. राज्यस्थापनेनंतर भाषा संचालनालयाने पदनामांचे आणि शासनव्यवहाराचे कोश तयार केले. मात्र त्या कोशांपुढचा प्रश्न परक्या शब्दाला आपला शब्द देण्याचा होता. येथील प्रश्न वेगळा आहे. येथे शब्द आधीच तोंडी बसलेले आहेत आणि अडचण निर्माण होते ती नेमकी त्यामुळेच.

एजन्सी म्हणजे ठेकेदार नव्हे

गावच्या बोलण्यात 'एजन्सी' म्हणजे काम घेणारा ठेकेदार. 'पाणीपुरवठ्याचे काम कोणत्या एजन्सीला दिले?' असा प्रश्न ग्रामसभेत सर्रास विचारला जातो. पीएफएमएसमध्ये एजन्सी म्हणजे शासनाचा निधी स्वीकारून तो खर्च करणारी संस्था. तेथे ग्रामपंचायत स्वतःच एजन्सी असते. शाळा व्यवस्थापन समितीही एजन्सी असते आणि तिला स्वतंत्र सांकेतांक असतो. ज्याला गाव एजन्सी म्हणते, तो पीएफएमएसच्या लेखी 'व्हेंडर' ठरतो. तोच मनुष्य जेमवर 'सेलर' म्हणजे विक्रेता असतो आणि महाटेंडर्सवर 'बिडर' म्हणजे निविदाकार.

हा केवळ नावांचा फरक असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. प्रत्येक नावामागे स्वतंत्र नोंदणी असते. महाटेंडर्सवर नोंदणी असलेला ठेकेदार त्यामुळे आपोआप प्रदान-प्रणालीत व्हेंडर होत नाही. तेथे त्याचे बँक खाते, खात्यावरील नाव आणि बँकशाखेचा आयएफएससी सांकेतांक नोंदवून त्याची पडताळणी व्हावी लागते. 'त्याची नोंदणी आहे' असे म्हटले, की कोठे आहे हे लागलीच विचारावयास हवे. बँकांच्या विलीनीकरणानंतर तर या पडताळणीचे महत्त्व वाढले आहे. उदाहरणार्थ, १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक ही बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली आणि तिच्या शाखांचे सांकेतांक यथावकाश बदलले. अशा जुन्या सांकेतांकावर पाठविलेला पैसा ज्याचा त्याला पोहोचत नाही.

बिड कोणाची?

समजा, एका ग्रामपंचायतीला शाळेसाठी पाणी शुद्ध करण्याचे यंत्र घ्यावयाचे आहे. खरेदी जेमवर करावयाची आहे. तेथे ग्रामपंचायत 'बिड' तयार करते आणि प्रसिद्ध करते. म्हणजेच जेमच्या भाषेत बिड हे खरेदीदाराने दिलेले आवाहन होय. विक्रेते त्या बिडमध्ये भाग घेतात. महाटेंडर्सवर हाच शब्द उलट्या दिशेने चालतो. तेथे कार्यालय 'टेंडर' म्हणजे निविदा प्रसिद्ध करते आणि ठेकेदार आपली बिड भरतो. एकीकडे बिड कार्यालयाची, दुसरीकडे ती ठेकेदाराची.

'बिड रद्द झाली' एवढेच वाक्य एखाद्या पत्रात आले, तर त्यातून काय समजावे? जेमसंबंधी ते असेल, तर सगळी खरेदीप्रक्रियाच थांबली आहे. महाटेंडर्ससंबंधी असेल, तर कदाचित एकाच ठेकेदाराचा देकार बाद झाला आहे आणि बाकीची स्पर्धा सुरू आहे. दोन्ही प्रसंगी ग्रामपंचायतीने करावयाची कार्यवाही निराळी आहे. मराठीत यासाठी 'निविदा सूचना' आणि 'देकार' असे दोन स्वच्छ शब्द उपलब्ध आहेत. पत्रव्यवहारात ते वापरले, तर अर्धी शंका पत्रातच मिटेल.

माल पोहोचला आणि माल स्वीकारला

यंत्र गावात आले. आता जेमवर दोन दाखले निघतात. पहिला तात्पुरत्या पोहोचीचा. खोकी आली, नग मोजले, एवढेच तो सांगतो. दुसरा दाखला माल स्वीकारल्याचा. मागणीप्रमाणे वस्तू आहे, चालवून पाहिली आहे आणि ती मान्य आहे, अशी ग्वाही त्यात असते. जेमच्या कार्यपद्धतीत पैसे देण्याच्या मुदतीची गणना या दुसऱ्या दाखल्यापासून होते. हे दाखले देणाऱ्या व्यक्तीला 'कन्साइनी' म्हणतात. हे पदनाम नसून भूमिका आहे. ती मुख्याध्यापकाकडे असू शकेल, तशीच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडेही. (ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एकत्र करून ग्रामपंचायत अधिकारी हे पदनाम २०२४ मध्ये करण्यात आले, हे वाचकांना ज्ञात आहेच.)

जुन्या पद्धतीत पुरवठादाराच्या चलनावर 'माल मिळाला' असे लिहून सही करण्याचा प्रघात होता आणि तपासणी नंतर सवडीने होत असे. त्याच सवयीने दुसरा दाखलाही खोके न उघडता दिला गेला, तर नादुरुस्त यंत्राचे पैसे देण्याचे उत्तरदायित्व ग्रामपंचायतीवर येऊन पडते. पुढे तक्रार करता येते हे खरे. पण तेव्हा आपणच दिलेल्या स्वीकृतीविरुद्ध बोलावे लागते.

'मंजूर' या शब्दाचे चार मुक्काम

सर्वाधिक घोटाळा ज्या शब्दाने होतो, तो शब्द 'मंजूर' हा आहे. इंग्रजीतील 'अप्रूव्हड' आणि 'सँक्शन' या दोहोंसाठी मराठीत बहुधा हाच एक शब्द पुढे येतो. त्यात भर म्हणून संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक टप्प्यावर हिरव्या अक्षरांत तोच उमटतो.

पहिला मुक्काम आराखड्याचा. ग्रामसभेने काम आराखड्यात घेतले, तो आराखडा ई-ग्रामस्वराजवर चढला आणि मान्य झाला. येथे मंजूर म्हणजे हे काम करण्यास हरकत नाही, एवढेच. यासाठी रक्कम खात्यात आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता या आणखी वेगळ्या बाबी आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांत, ग्रामपंचायतीच्या अनुदानाचे बंधित ६० टक्के आणि अबंधित ४० टक्के असे भाग होते. बंधित भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच खर्च करावयाचा होता. एखादे काम आराखड्यात मंजूर असूनही चुकीच्या भागातून दाखविले गेले, तर त्याचे देयक नियमानुसार त्या भागातून देता येत नव्हते.

दुसरा मुक्काम देयकाचा. येथे 'मेकर' आणि 'चेकर' या दोन भूमिका भेटतात. मेकर प्रमाणक तयार करतो आणि चेकर ते तपासून संमती देतो. ग्रामपंचायतीत सामान्यतः ग्रामपंचायत अधिकारी हा मेकर आणि सरपंच हा चेकर असतो. दोघांच्याही डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. चेकर या शब्दाचे 'तपासनीस' असे भाषांतर केले, की वाचणाऱ्याला वरिष्ठ कार्यालयातील लेखापरीक्षक आठवतो आणि सरपंच निर्धास्त होतात. प्रत्यक्षात चेकर ही दुय्यम सही नसून प्रदानाचा निर्णय आहे. ज्याच्या नावाची डिजिटल स्वाक्षरी, त्याची जबाबदारी. ती स्वाक्षरी असलेले साधन दुसऱ्याच्या खणात ठेवून देणे म्हणजे कोऱ्या धनादेशावर सही करून देण्यासारखे आहे.

तिसरा मुक्काम पीएफएमएसचा. दोन्ही स्वाक्षऱ्या झाल्यावर व्यवहार तेथे जातो. खाते पडताळलेले आहे काय, रक्कम उपलब्ध आहे काय, हे पाहून तो पुढे पाठविला जातो. चौथा मुक्काम बँकेचा. बँकेने रक्कम वर्ग केल्यावर तिचा स्वतंत्र संदर्भ क्रमांक मिळतो. हा क्रमांक हाती आला, म्हणजे पैसे निघाले असे खात्रीने म्हणता येते. पैसे निघाल्यानंतरही ते परत येऊ शकतात. खाते बंद असेल किंवा सांकेतांक चुकला असेल, तर रक्कम ग्रामपंचायतीच्या खात्यात माघारी येते आणि हिशेबात तिची नोंद घ्यावी लागते.

पुरवठादार कार्यालयात येऊन विचारतो, तेव्हा त्याला 'बिल मंजूर झाले आहे' असे सांगितले जाते. सांगणारा दुसऱ्या मुक्कामाविषयी बोलत असतो आणि ऐकणारा चौथा मुक्काम समजतो. सांगणारा खोटे बोललेला नसतो. तरीही आठ दिवसांनी खाते रिकामे दिसले, की संशयाला सुरुवात होते. २००५ च्या रोजगार हमी कायद्याखालील कामांवर मजुरांना हाच अनुभव येत असे. तेथे 'निधी हस्तांतर आदेश निघाला' म्हणजे मजुरी मिळाली, असा समज होई. वस्तुतः आदेश निघणे आणि मजुराच्या खात्यात पैसे पडणे यांत दोन स्वाक्षऱ्या, पीएफएमएस आणि बँक एवढे अंतर असे.

मर्यादा आणि रक्कम

शिक्षकवर्गाला, विशेषतः मुख्याध्यापकांना, वेगळ्या एका शब्दाने त्रास दिला आहे. तो शब्द म्हणजे 'लिमिट'. पूर्वी शाळेचे अनुदान शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात जमा होत असे. पासबुकावर रक्कम दिसे आणि खर्च होईपर्यंत ती तेथेच राही. केंद्रपुरस्कृत योजनांसाठी केंद्रीय वित्त मंत्रालयाने २३ मार्च २०२१ रोजी एकल मध्यवर्ती संस्थेची पद्धत विहित केली. तीनुसार योजनेचा राज्यातील पैसा एकाच मुख्य खात्यात राहतो आणि खालच्या संस्थांची खाती शून्य शिलकीची असतात. शाळेला मिळते ती खर्चाची मर्यादा. शाळेने प्रदान केले, की तेवढी रक्कम मुख्य खात्यातून थेट पुरवठादाराकडे जाते.

मर्यादा पडद्यावर रुपयांतच दिसते आणि म्हणून ती शिल्लक वाटते. परंतु शिलकीवर शाळेचा ताबा असे. मर्यादा देणाऱ्यास ती कमी करता येते किंवा काढूनही घेता येते. वर्षअखेरीस न वापरलेल्या मर्यादेवर शाळेला हक्क सांगता येत नाही. 'पैसे आले आहेत, सुट्टीनंतर सावकाश खरेदी करू' हा जुना हिशेब येथे लागू पडत नाही. त्याचप्रमाणे, मर्यादा शून्य दिसली म्हणून कोणी पैसे काढून नेले, असा अर्थ काढणेही चूक होय.

प्रदानासाठी कागदी सूचनेचा मार्ग असेल, तर पीएफएमएसमधून प्रदान-सूचना छापून, तीवर अधिकृत सह्या करून ती मुदतीत बँकेत द्यावी लागते. संगणकावर चेकरची संमती झाली म्हणून ही सूचना दप्तरातच राहिली, तर मुदत संपते आणि प्रदान होत नाही. डिजिटल स्वाक्षरीच्या मार्गात हा कागद नसतो. शाळा कोणत्या मार्गावर आहे, हे मुख्याध्यापक आणि समितीचे अध्यक्ष या दोघांनाही ठाऊक असले पाहिजे. पुढे काही योजनांसाठी 'स्पर्श' ही पद्धत आली. तीत मुख्य खात्यातही पैसा आगाऊ साठवून ठेवला जात नाही. मागणी झाल्यावरच तो रिझर्व्ह बँकेमार्फत दिला जातो. तेथे 'मदर सँक्शन' हा शब्द भेटतो. तोही खर्चाची कमाल सीमाच दर्शवितो. हाती असलेल्या रकमेशी त्याचा संबंध नाही.

राज्याच्या अर्थसंकल्पातील निधीसाठी असलेल्या 'बीम्स' प्रणालीतही असाच भेद आहे. अर्थसंकल्पीय तरतूद, वितरित निधी आणि प्रत्यक्ष आहरण या तीन पायऱ्या आहेत. तरतूद झाल्याचे वृत्त वाचून कार्यालयात चौकशीला येणाऱ्यास या तीन पायऱ्या समजावून सांगणे हे अधिकाऱ्याचे कामच आहे.

सांकेतांकांची जत्रा

सांकेतांकांविषयी थोडक्यात सांगावयाचे, तर अंकांची संख्या सारखी असली म्हणजे सांकेतांक एकच, असे समजू नये. स्थानिक संस्थांच्या राष्ट्रीय निर्देशिकेत महसुली गाव आणि ग्रामपंचायत यांना स्वतंत्र सांकेतांक आहेत. गट ग्रामपंचायतीत दोन-तीन गावे असतात; त्यांपैकी मोठ्या गावाचे नाव बहुधा ग्रामपंचायतीलाही असते. नाव एकच, पण सांकेतांक दोन. प्रपत्रात 'गाव' विचारले आहे की 'ग्रामपंचायत', हे पाहूनच रकाना भरावा. शाळेचा यू-डायस क्रमांक अकरा अंकी असतो. पीएफएमएसमधील शाळेचा एजन्सी सांकेतांक त्याहून निराळा. यू-डायस आणि वस्तू व सेवा कर क्रमांक हे दोन्ही महाराष्ट्रात २७ ने सुरू होतात, कारण दोहोंत आरंभी राज्याचा सांकेतांक येतो. त्यापलीकडे त्यांचा परस्परसंबंध नाही. पॅन आणि टॅन हे दोन्ही दहा वर्णांचे. पॅनमध्ये आरंभी पाच अक्षरे असतात, टॅनमध्ये चार. ठेकेदाराच्या देयकातून कापलेला आयकर भरताना ग्रामपंचायतीचा टॅन आणि ठेकेदाराचा पॅन लागतो. त्यांची अदलाबदल झाली, तर कापलेला कर ठेकेदाराच्या नावे दिसत नाही आणि तो पुन्हा पंचायतीच्या दारात येतो.

पत्र कसे लिहावे

या भेदांवर उपाय म्हणून सर्व प्रणालींचे शब्द एक करण्याची सूचना अधूनमधून केली जाते. ती ऐकावयास बरी वाटते. पण खरेदीची प्रणाली विक्रेत्याला विक्रेता म्हणणार आणि निधीवर देखरेख करणारी प्रणाली त्याला रक्कम घेणारा म्हणणार, हे त्यांच्या कामातूनच आलेले आहे. सर्व शब्दांचे घाईने मराठीकरण केल्यासही अडचण वाढण्याचाच संभव अधिक. कारण पडद्यावर इंग्रजी शब्द दिसतो आणि परिपत्रकात त्याचे भाषांतर असते, तेव्हा दोहोंचा मेळ वाचणाऱ्यालाच घालावा लागतो. पडद्यावरचा शब्द देवनागरीत जसाच्या तसा लिहून, त्यापुढे प्रणालीचे नाव देणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे.

'आमचे बिल बरेच दिवस अडकले आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी' असे पत्र पंचायत समितीत आले, तर तेथील लिपिकाला चार ठिकाणी शोध घ्यावा लागतो. त्याऐवजी पत्रात पुढील मजकूर असावा : ई-ग्रामस्वराजवरील प्रमाणकाचा क्रमांक आणि दिनांक, मेकर व चेकर यांच्या स्वाक्षऱ्यांचे दिनांक, पीएफएमएसमध्ये आज दिसणारी स्थिती, पडद्यावर आहे त्याच शब्दांत, आणि बँकेचा संदर्भ क्रमांक मिळाला असल्यास तो. एवढ्या माहितीवरून देयक कोणत्या मुक्कामी थांबले आहे हे पत्र हाती पडताच कळते, आणि ते तालुक्यावरून सुटणारे आहे की बँकेत जावे लागेल, हेही ठरते.

सरपंच बदलल्यानंतरच्या काळात मात्र पत्राच्या आधी एक गोष्ट पाहावी. डिजिटल स्वाक्षरी ही पदाला मिळत नाही, व्यक्तीला मिळते. नव्या सरपंचांनी स्वाक्षरी घेतली, एवढ्याने ती प्रणालीत चालू होत नाही. तिची नोंद करून वरच्या स्तरावरून त्या नोंदीस मान्यता मिळवावी लागते, आणि जुनी स्वाक्षरी बंद करून घ्यावी लागते. निवडणुकीनंतर प्रदाने थांबली असल्यास, पहिली चौकशी या नोंदीची करावी.